फ्लॅट दाखवायला काय नेसावं

"लेस बघा, लेस! लाल लेस!" सुभेदार एवढ्या मोठ्यानं ओरडले की तिसऱ्या मजल्यावर गिलावा करणाऱ्या गवंड्याच्या हातातली थापी निसटली आणि वाळूच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं उठून थेट मिरजेच्या दिशेनं पळालं. "पांढऱ्या बुटाला लाल लेस! ही ड्यूटी हाय का गावचा उरूस?"

सांगलीत, विश्रामबागेच्या पुढं, एका नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी उभी होते. अर्ध्या फ्लॅटांत माणसं राहायला आलेली, अर्ध्यांना अजून रंगाचा वास. माझ्या हातात चाव्यांचा जुडगा, तोंडावर ठेवणीतलं हसू, अंगात कुर्ता आणि जीन्स, आणि पायात ते बूट. समोर फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, मिशी अशी की तिच्यावर दोन चिमण्या समोरासमोर बसून भांडाव्यात. त्यांच्यामागं त्यांची बायको. तिला मी पहिल्या फोनपासून काकी म्हणत आले. काकींचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. त्या मान वर करून दुसऱ्या मजल्याकडं बघत होत्या. तिथं एक बाई गॅलरीत चादर झटकत होती, शेजारच्या गॅलरीतली बाई तिला काहीतरी सांगत होती, आणि दोघी कठड्याला टेकून हसत होत्या.

"आवं, बूट तिचं हाईत. आपल्याला घर बघायचंय," काकी वर बघतच म्हणाल्या.

"ज्याला बुटाची लेस कळत न्हाई त्यो घर काय दावणार? टर्नआउट झीरो!" सुभेदारांनी टाचेवर गर्रकन वळून जीपचं दार उघडलं. "पुढच्या टायमाला नीट येऊ दे हिला. मग बघू."

टर्नआउट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. फौजेत सकाळी जवानांना ओळीत उभं करून कपडे, पट्टा, बूट, दाढी तपासतात, ते. मी गेली कित्येक वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जागा दाखवते. माझी जागा नापास झाली आहे, भाव नापास झाला आहे, एकदा दिशेवरून अख्खी पूर्व नापास झाली आहे. पण मी स्वतः, चपलांपासून केसांच्या पिनेपर्यंत, पार्किंगमध्येच नापास व्हायची ती पहिली वेळ. आणि नापास कोण? कपड्यांच्या बाबतीत जिनं या धंद्यात पीएचडी केली, ती बाई.

खोटं सांगत नाही. साताऱ्यात माझं छोटं ऑफिस आहे आणि सांगलीत एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात उसनं टेबल, पण माझा खरा कारभार चालतो गाडीच्या डिकीतून. डिकीत तीन जोड कपडे कायम घडी करून असतात. एक पुण्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी, एक गावातल्या जमीनमालकासाठी आणि एक मधल्या लोकांसाठी, म्हणजे जे गावात राहून पुण्यासारखं बोलतात. इस्लामपूरच्या एका गल्लीत मी एकदा डिकी उघडून साड्यांची अदलाबदल करत होते, तर मागं बायकांचा घोळका जमला. "ही केवढ्याला देणार?" एकीनं पदरच ओढला. मी सांगून बघितलं की बायांनो, मी प्लॉट विकते. "प्लॉट ऱ्हाऊ दे, ही निळी दाव." त्या दिवशी प्लॉट एकही गेला नाही, साड्या दोन गेल्या.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. सुरुवातीला मी वाईजवळ एक प्लॉट दाखवायला गेले ती अंगावर सेंटची अख्खी बाटली मारून. प्लॉटच्या कडेला उंबरावर मोहोळ. गिऱ्हाईक पळालं, मालक पळाला, आणि मधमाश्या माझ्या गाडीमागं महामार्गापर्यंत आल्या. माझा अंदाज आहे, त्यातल्या निम्म्या साताऱ्यातच स्थायिक झाल्यात. तेव्हापासून सेंट बंद. मग कोणीतरी सांगितलं, सुती साडी नेस, कडक खळ घाल, वजन पडतं. मी खळ घातली. एवढी घातली की मालकाच्या ओसरीवर मी खाली बसले आणि साडी उभीच राहिली. आणि माणदेशात, जिथं मेंढरं राखणाऱ्या घरांनी आता पाणी आल्यावर डाळिंबं लावलीत, तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला बसायला घोंगडं अंथरलं, गुळाचा चहा दिला, आणि बोलणी सुरू व्हायच्या आधी माझ्या गॉगलकडं बोट केलं. "डोळं दाव की बाय. डोळं झाकून बोलणाऱ्याकडनं मी मेंढरू घेत न्हाई, रान कुठलं दिऊ." गॉगल तेव्हापासून डिकीत.

पुरुष एजंटांचं तर बघायलाच नको. त्यांचा एकच गणवेश, पांढरा शर्ट आणि पांढरी पँट, धोब्याकडून चपातीसारखी शेकून आणलेली. आमच्यातला एक जण असा शिराळ्याकडच्या एका गावात जमीन बघायला गेला. गावाला वाटलं, कुणीतरी पुढारी आला. लोकांनी हार घातला, शाळेच्या पटांगणात बसवलं आणि नळाच्या पाण्याची तक्रार मांडली. हा बाबा "बघतो, करतो" म्हणून परत आला. पुढं खरंच नळ आला. श्रेय अजून तोच घेतो.

म्हणून माझे नियम ठरलेले. मालकाच्या घरी जाताना डोक्यावर पदर नको, पण खांद्यावरून ढळायलाही नको. गिऱ्हाइकाच्या बायकोपेक्षा अंगावर एक दागिना कमी. उसातून चालायचं असेल तर पूर्ण बाह्या, नाहीतर उसाचं पातं हातावर रेघा ओढतं आणि लोक विचारतात, घरी मांजर पाळलंय का. कॉलम उभे राहिलेल्या बिल्डिंगमध्ये उंच टाचेची चप्पल अजिबात नाही. कराडच्या एका स्लॅबमध्ये माझी एक टाच अजून आहे, त्यावर आता कुणाचंतरी देवघर आलंय. एवढं सगळं पाठ असलेल्या बाईला सुभेदारांनी लाल लेसवर घरी पाठवलं.

आता काकींचं सांगते. मला फोन त्यांनीच केला होता. मी बाजाराच्या दिवशी कापडी पिशव्यांवर माझा फोटो आणि नंबर छापून वाटते. भाजीबरोबर मी घरोघरी पोचते. अशी एक पिशवी इस्लामपूरच्या बाजारातून काकींच्या मळ्यात गेली होती.

"पिशवीवरची बाई तूच व्हय?" हा पहिला प्रश्न. मग लगेच, "गडी एजंट नको बाय मला. ह्यांचं गड्यांशी भांडण लागतंय. मला घर पायजे. असं पायजे, दार उघडलं की समोर दार दिसलं पायजे."

लोक माझ्याकडं नदीचा व्ह्यू मागतात, डोंगराचा व्ह्यू मागतात, किल्ला दिसला तर जास्त द्यायला तयार असतात. समोरच्या फ्लॅटचं दार हा व्ह्यू मागणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

त्यांचं घर इस्लामपूरच्या पुढं, शिराळ्याच्या अंगाला, मळ्यात. चारी बाजूंनी ऊस. ऊस गेला की घर दिसायचं, चार महिन्यांत पुन्हा बुडायचं. सुभेदार सगळी नोकरी सरहद्दीवर, वर्षातून एकदा सुट्टीला. घरात सासरे, ते दिवसाला एक शब्द बोलायचे, तोही बैलाशी. ते गेले. लेक लग्न होऊन लांब गेली. काकी उसाच्या मधोमध एकट्या. "मागं एकदा बिबट्या येऊन विहिरीच्या मोटारीच्या खोलीवर बसला," त्या मला फोनवर सांगत होत्या. "लोकं म्हणली, भ्या वाटलं का. खरं सांगू का तुला? मला जरा बरंच वाटलं. कोन तरी आलं."

दर सुट्टी संपताना सुभेदार एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून सांगायचे, रिटायर झालो की तू म्हणशील तिथं राहू. हा शब्द त्यांनी दरवर्षी दिला, आणि आता ते रिटायर होऊन घरी आले होते. पैसे बाजूला काढलेले होते. काकींनी सांगली ठरवलं होतं. आणि मी शोधलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकच फ्लॅट उरला होता, ज्याच्या दारासमोर चार पावलांवर दुसरं दार होतं. बाकीचे सगळे एकाआड एक, कोपऱ्यात, लिफ्टच्या पाठीला. काकींना हवा तो हाच एक.

दुसऱ्या वेळेला मी राखाडी सुती साडी नेसले. बारीक काठ, खळ बेताची, चप्पल काळी, केस चापूनचोपून. आरशानं मला सॅल्यूट ठोकला. पार्किंगमध्ये सुभेदारांनी माझ्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. काकींनी तेवढ्यात जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता, हात कठड्यावर.

"निऱ्या बघ. एक आत, एक भाईर. दुस्मनाची फळी फुटल्यागत." ते थांबले. "आन् हा थाट? प्रचाराला निघालीस काय? चिन्ह कुठलं तुझं?"

"चिन्ह कुलूप-किल्ली, सुभेदारसाहेब. वर चला, उघडून दाखवते."

"पुढच्या टायमाला."

काकींनी कठड्यावरचा हात काढून घेतला आणि पायरी उतरल्या.

आता माझाही हट्ट पेटला. तिसऱ्या वेळेला मी कोट चढवला. काळा कोट, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. सांगलीचं ऊन कसं असतं हे ज्याला माहीत आहे त्यानं एक मिनिट गप्प बसून माझा विचार करावा. कृष्णेच्या पुलावर येईपर्यंत मी आतून उकडीच्या मोदकासारखी शिजले होते. पण उभी राहिले ताठ. सुभेदार समोर आले. वरपासून खालपर्यंत बघितलं. काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलं! मग ते हळूच वाकले, आणि माझ्या बाहीतून बाहेर आलेलं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

"हे काय?"

त्यांनी ओढलं. दोरा आला. ते ओढत ओढत मागं सरकत गेले, दोरा येतच राहिला, आणि ते जीपपाशी पोचले तेव्हा दोरा त्यांच्या हातात होता आणि बाही माझ्या कोपरावर लोंबत होती.

"कापडाचा बंदोबस्त नीट न्हाई," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

काकी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, त्या बाहीबद्दल काही बोलतील. "ते दार दुसऱ्या कुणी घेतलं तर?" त्यांनी विचारलं. मी त्यांना खरं ते सांगितलं. मिरजेचं एक नवरा-बायकोचं जोडपं पुढच्या आठवड्यात तोच फ्लॅट बघायला येणार होतं, आणि ते बूट बघणारे वाटत नव्हते.

काकींनी मान हलवली. "मळ्यात ये उद्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात पोचले तेव्हा सुभेदार आंब्याखाली बाजेवर झोपले होते. मी हॉर्न वाजवला. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर धडधडत होता. एक कोंबडा त्यांच्या उशाशी उभा राहून आरवला. ते हललेसुद्धा नाहीत. मिशी तेवढी श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

"असंच झोपत्यात," काकी म्हणाल्या. "तान्ह्या पोरागत. सुट्टीला यायचं तवा रात्रभर अंगणात फिरायचं. आता बघ."

ते उठले तेव्हा वेगळाच माणूस वाटले. मला उसाचा रस प्यायला लावला. विहीर दाखवली. मग ओसरीवर कोळशाच्या इस्त्रीनं स्वतःचा शर्ट इस्त्री करत बसले, आणि मी बघत राहिले. त्या बाहीची घडी एवढी सरळ होती की माशी तिच्यावर बसायला आली, पाय कापेल म्हणून परत गेली. मी म्हटलं, आता विचारूनच टाकू.

"सुभेदारसाहेब, मी काय घालून येऊ ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते. पगडी म्हणाल तर पगडी."

"ते तुझं तू बघायचं," इस्त्रीवरची नजर न काढता ते म्हणाले. "सांगून घातलेला टर्नआउट काय कामाचा?"

इतके दिवस मी या माणसाला खडूस समजत होते. त्या क्षणी मला लख्ख दिसलं की हा माणूस माझ्याही वरताण आहे. याला घर घ्यायचं नाही. शब्द दिलाय म्हणून "नाही" म्हणता येत नाही, आणि म्हणून याची अख्खी फौज माझ्या बुटावर, निऱ्यांवर आणि बाहीवर लढतेय. मी अख्खं कापडदुकान डिकीत भरलं असतं तरी यानं डिकीचा रंग चुकीचा काढला असता. पण हे काकींना कसं सांगायचं, या विचारात मी असताना आतून ट्रंकेची कडी वाजली.

काकी ताट घेऊन बाहेर आल्या. नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. आणि त्याखाली घडी घातलेली साडी. रंग पोपटी. नुसता पोपटी नाही. असा पोपटी, की पोपटानं बघितला असता तर त्याला आपलं रंगकाम राहिलं असं वाटलं असतं. राणी कलरचे काठ, आणि पदरावर कोयऱ्या, एकेक कोयरी पपईएवढी.

"बस गं पाटावर," काकी म्हणाल्या. "पयल्यांदा घरी आलीस. मोकळी कशी धाडू?"

मी बसले. त्यांनी कुंकू लावलं, नारळ-तांदळानं ओटी भरली आणि वर साडी ठेवली.

सुभेदारांची इस्त्री थांबली. शर्टातून धूर यायला लागला.

"ही... ही कुठनं काढलीस?"

"ट्रंकंतनं. तुमीच आणलीवती न्हवं का, पोस्टिंगवरनं? सोत्ता पसंत करून."

"मग तू कवा नेसली न्हाईस?"

"ठेवणीतली म्हणून ठिवली," काकी म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून, अगदी सहज, "आता तू ह्या घरची लेक झालीस. सांगलीला हीच नेसून ये."

ज्याला आमच्याकडची रीत माहीत नाही त्याला यातलं राजकारण कळणार नाही. ज्या घरी तुमची ओटी भरली ते घर तुमचं माहेर. माहेरच्या साडीला बाहेरच्यानं नाव ठेवलं तर भांडण होतं. पण माहेरानंच नाव ठेवायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या घराला नाव ठेवणं. त्यात ही साडी सुभेदारांनी स्वतः दुकानात उभं राहून निवडलेली. काकींनी त्यांची तोफ त्यांच्याच तोंडाशी नेऊन ठेवली होती, आणि तीही हळदीकुंकवानं पूजा करून. सुभेदार एकदा साडीकडं बघत होते, एकदा जळलेल्या शर्टाकडं.

गाडीपर्यंत सोडायला आल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "मला त्यो रंगच आवडत न्हाई."

मी ती साडी नेसून सांगलीत आले. फार सांगत नाही. सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी गाड्या हलेनात, कारण कुठला हिरवा खरा ते लोकांना कळेना. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, मशीनमध्ये रंग उतरतोय." मी मान ताठ ठेवली. माहेरची साडी होती.

पार्किंगमध्ये जीप आली. सुभेदार उतरले, माझ्यासमोर उभे राहिले. वरचा गवंडी काम थांबवून खाली बघायला लागला. सुभेदारांनी तोंड उघडलं.

"बोला की," काकी म्हणाल्या.

सुभेदारांनी तोंड मिटलं. मिशी दोन्ही बाजूंनी जरा खाली आली.

"चला," ते म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावर मी कुलूप उघडलं. किल्ली फिरल्याचा आवाज झाला आणि समोरचं दार उघडलं. चादरवाली बाई. हात पिठानं भरलेले.

"नवीन का? या की, चहा टाकते," ती म्हणाली, आणि मी "काकी, आधी हॉल बघा" असं म्हणेपर्यंत काकी समोरच्या घरात. स्वतःचं घर बघायच्या आधी त्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. आतून त्यांचा आवाज यायला लागला. मी काकींना तोपर्यंत एवढं बोलताना ऐकलंच नव्हतं. शेजारणीच्या चपात्यांबद्दल, मळ्याबद्दल, बिबट्याबद्दल.

सुभेदार आणि मी रिकाम्या हॉलमध्ये उरलो. त्यांनी नळ सोडून बघितले. खिडक्या बघितल्या. मग भिंतीवर बोटानं टकटक केलं. पलीकडून कुणीतरी खोकलं.

ते तिथंच थांबले.

"सगळी नोकरी बराकीत गेली," ते म्हणाले. आवाज एवढा खाली आला होता की मला आधी वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय. "हितनं तितवर खाटा. एक जण कुशीवर वळला की अख्खी लाइन जागी. वर सरहद्दीला गेल्यावर बंकरमदी तसंच. पलीकडं माणूस खोकला की माझं डोळं उघडं, रायफलीवर हात. घरी आलो तरी जाईना. आता मळ्यात वर्ष काढलं, तवा कुठं झोप लागाय लागली." त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "हितं न्हाई लागायची मला."

मी बोलणारी बाई आहे. दगडाला मी शेजार चांगला आहे असं सांगून पटवते. त्या वेळी मी पोपटी पदर बोटाला गुंडाळत उभी राहिले.

दारात काकी उभ्या होत्या. हातात चहाचा कप. किती वेळापासून ते माहीत नाही.

"आदी का न्हाई सांगितलं?"

"शब्द दिलावता."

"म्हणून त्या पोरीचा कोट उसवला व्हय?"

काकी आत आल्या, चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग हॉल बघितला, पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या, गॅलरीचं दार उघडून बघितलं. मला वाटलं, आता या म्हणणार, ऱ्हाऊ दे, चला मळ्यात. माझी दलाली जाणार हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मला समोरचं ते दार दिसत होतं, आणि त्यातून येणारा चपातीचा वास.

"तुमी ऱ्हावा मळ्यात," काकी म्हणाल्या. "मी हितं ऱ्हाती."

"म्हंजे?"

"म्हंजे तसंच. कुणाला झोप पायजे, कुणाला माणसं."

"लोकं काय म्हणतील?"

"इतकी वर्सं तुमी एकीकडं आन् मी एकीकडंच हुतो की. तवा काय म्हणत हुती?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, शेजारणीच्या दाराकडं बघितलं, पुन्हा घोट घेतला. मग माझ्याकडं वळले, आणि माझ्या साडीकडं बघायचं कटाक्षानं टाळत, ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, "ह्या कुलपाला किल्ल्या किती?"

"तीन, सुभेदारसाहेब."

"एक माझ्याकडं."

व्यवहार झाला. माहेरवाशिणीनं माहेराकडून दलाली घ्यावी का, हा प्रश्न मला फार पडला. शेवटी मी ती बिल्डरकडून घेतली आणि माहेराला सूट दिली. हे मी सगळ्यांना सांगते, कारण सांगितल्याशिवाय लोकांना कसं कळणार. कपड्यांचं म्हणाल तर माझे नियम तेच आहेत, फक्त गिऱ्हाईक माझ्या कपड्यांत खोट काढायला लागलं की मी आता घरी जाऊन शिवणकाम करत नाही. खुर्ची पुढं ओढते आणि विचारते, घरात जायचं कुणाच्या मनात नाही?

काही महिन्यांनी त्याच बिल्डिंगमध्ये मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही दारं सताड उघडी, मधल्या जागेत चटई, आणि चटईवर काकी, चादरवाली आणि आणखी एक बाई मेथी निवडत बसलेल्या. मला चालायला जागा नव्हती. काकींनी पाय आवरले, मेथीची एक जुडी माझ्या हातात ठेवली, निवड म्हणाल्या. मी गिऱ्हाइकाला वर पाठवलं आणि बसले.

"काकी, सुभेदार येतात का?"

"ऐतवारी."

"मग राहतात?"

काकींनी एक पिवळं पान बाजूला काढलं.

"जेवून जात्यात," त्या म्हणाल्या.